घट

मोड घेणाऱ्या दुकानदाराने काट्यावरचा पितळी डबा उचलला, नाकावर चष्मा सरकवून तो उजेडाकडे तिरपा धरला आणि त्याच्या गळ्याशी कोरलेले नाव मोठ्याने वाचले. त्या वेळी मी अमेरिकेतल्या भावाला फोनवर एकूण वजनाचा आकडा कळवत होते. नाव वाचून तो थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी मान डोलावून ‘हो हो, घ्या’ म्हणाले. ‘झाकण नाही का याला?’ असे त्याने विचारले, त्यावर मी ‘नसेल’ म्हणाले, आणि डबा त्याच्या पाठीमागच्या ढिगावर जाऊन पडला. ‘कडी लोखंडाची आहे, तळाला डाक दिलाय, पाव किलो घट धरतो,’ तो म्हणाला. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत भर दुपारी कोणी पाव किलोवरून वाद घालत नाही. मीही घातला नाही. पैसे मोजून घेतले, रिकाम्या गोणीची घडी केली आणि माळा रिकामा झाल्याच्या समाधानात घरी आले. डब्यावरचे नाव आपण ऐकलेच नाही, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर जाणवले, आणि तेही आईने एक प्रश्न विचारल्यामुळे.

तो प्रश्न सांगण्याआधी घराविषयी सांगायला हवे. सहकारनगरमधल्या पूरग्रस्तांच्या सोसायटीतले आमचे बैठे घर आता पाडायचे ठरले आहे. शेजारच्या भूखंडांसह तिथे मोठी इमारत उभी राहील आणि तिच्या चौथ्या मजल्यावर आईला दोन खोल्यांचे घर मिळेल. तोवरची तीन वर्षे आईने भाड्याच्या एका छोट्या सदनिकेत काढायची आहेत. मागेपुढे अंगण, दोन माळे, जिन्याखालची खोली आणि न्हाणीघरामागची लाकडे ठेवायची जागा, एवढ्या सगळ्यात साठ वर्षे जे जे साचले ते चार आठवड्यांत निकालात काढण्याचे काम माझ्याकडे आले, कारण भाऊ परदेशी आहे आणि मी कोथरूडला, म्हणजे रिक्षाच्या अंतरावर राहते. दादा रोज व्हिडिओ कॉलवर हजर असे. मी फोन हातात धरून एकेक वस्तू त्याला दाखवत असे आणि तो प्रत्येक वस्तूला हळव्या आवाजात ‘अगं, ठेव ना ती’ म्हणत असे. सात समुद्रांपलीकडून ‘ठेव’ म्हणायला काहीच जागा लागत नाही.

माझ्या मुलीने बंगळूरुहून एक नियम पाठवला होता. तीन खोकी करायची, ठेवायचे, द्यायचे आणि टाकायचे. आणि जी वस्तू वर्षभरात हाताळली नाही ती पहिल्या खोक्यात घालायची नाही. आईने नियम शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, ‘मोदकपात्र वर्षातून एकदाच लागतं, त्याचं काय करायचं?’ पहिल्याच दुपारी तिने आपले चौथे खोके तयार केले. त्याला नाव नव्हते, पण त्यात वस्तू टाकताना ती दर वेळी ‘बघू’ म्हणत असे, म्हणून आम्ही त्याला बघूचे खोके म्हणू लागलो. संध्याकाळपर्यंत बघूची खोकी चार झाली होती.

काय काय निघाले ते सांगू नये असे वाटते, कारण तुमच्याही घरी तेच आहे. तरी स्टोव्हच्या पिनांची बाटली सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडचा रॉकेलचा स्टोव्ह जाऊन तीस वर्षे झाली असतील, पण त्याच्या पिना, दोन वायसर आणि एक बर्नर औषधाच्या तपकिरी बाटलीत तसेच होते, आणि बाटलीला बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, ‘पिना – चांगल्या’. म्हणजे वाईट पिनांची वेगळी बाटली कुठेतरी असणार. ती दोन दिवसांनी सापडली. तारेला टोचून ठेवलेली विजेची बिले होती, वर्षांचे थर लागलेली. सगळ्यांत खालचे बिल इतके पिवळे पडले होते की बोट लावताच त्याचा कोपरा पापडासारखा मोडला. धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या होत्या. सराफांच्या आणि कापडदुकानांच्या नावाच्या सदतीस कापडी पिशव्या होत्या. श्रीखंडाच्या डब्यांची उतरंड होती, आणि त्यांची झाकणे वेगळ्या पिशवीत, एकही कोणत्याही डब्याला न बसणारे.

मी स्वतः कमी वस्तूंत राहणारी म्हणवते. माझ्या कोथरूडच्या घरात भिंतीवर काही नाही आणि ओट्यावरही काही नाही, याचे येणारेजाणारे कौतुक करतात आणि मला ते आवडते. पण आईच्या माळ्यावर तोंडाला ओढणी बांधून उकिडवी बसले असताना लक्षात आले की माझ्या रिकाम्या ओट्याला मुख्यतः फोनमधल्या एका बटणाचा आधार आहे. मी सोऱ्या देऊन टाकते, कारण लागला तर उद्या सकाळी दारात येतो. बाबांना वायसर मिळेल याची खात्री कधीच नव्हती. साखर, रॉकेल, गव्हापासून सगळ्यांसाठी रांगेत उभे राहिलेला माणूस ‘लागेल तेव्हा आणू’ असे म्हणू शकत नाही. एवढे समजूनही पिनांच्या दोन्ही बाटल्या मी कचऱ्यात टाकल्या, हेही प्रामाणिकपणे सांगते. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी त्या पिशवीतून अलगद उचलून पत्र्याच्या बोचक्यात टाकल्या. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली तेव्हा तिने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे नाव घेतले. आमच्या आठवणींची वर्गवारी आम्हाला चार आठवड्यांत जमली नाही. ताईंनी दारातल्या पायरीवर बसून ती वीस मिनिटांत केली.

पितळ मात्र मी ताईंना दिले नाही. पितळेला भाव असतो.

माझ्या लहानपणी ही भांडी रोजच्या वापरातून जवळपास गेलेली होती. स्वयंपाकघरात स्टील आले होते, तांब्यापितळेची भांडी माळ्यावर चढली होती आणि फक्त दसऱ्याच्या आधी खाली उतरत. अंगणात गोणपाट अंथरून आजी, आई आणि मी बसत असू. चिंचेचा कोळ, मीठ आणि राख. चिंच लागताच काळपट पितळेवर बोटाच्या रेषेएवढा पिवळा पट्टा उमटतो, आणि मग हात थांबतच नाही, तो पट्टा रुंद होत जावा असे वाटत राहते. नखांच्या कडेला चिंच झोंबत असे. घासून झालेली भांडी उन्हात पालथी घातली की त्यांच्या गळ्यांवरची नावे दिसू लागत. जुनी नावे ठोक्याने घातलेली, टिंबाटिंबांची. बारीक छिन्नीच्या टोकाने एकेक टिंब उठवून केलेले अक्षर, त्यामुळे वेलांटी वळताना थोडी अडखळलेली. नंतरच्या स्टीलच्या भांड्यांवरची नावे विजेच्या पेनाने सरसर लिहिलेली, तारखेसह, ‘यांजकडून सप्रेम भेट’ असे. टिंबांची नावे मला आवडत, कारण ती डोळे मिटून बोटांनी वाचता येत.

कधी कधी कल्हईवाला येई. फाटकाबाहेर जमिनीत खळगा करून तो भाता बसवी. भांडे निखाऱ्यांवर तापले की त्यात नवसागराची चिमूट टाकी. पांढरा, घशाला बसणारा धूर उठे, आणि त्या धुरातच तो कथलाची कांडी भांड्याच्या पोटात टेकवी. कथील पाण्यासारखे पळू लागे आणि कापसाच्या बोळ्याने तो ते असे फिरवी की पिवळे भांडे आतून एकदम चंद्रासारखे होई. ते पाण्यात बुडवताना होणाऱ्या चर्र आवाजासाठी आम्ही मुले तासभर उभी राहत असू. कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवले तर ते कळकते, हे मला शाळेतल्या रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होते. ‘कळकणे’ हा शब्द माझ्या मुलीला माहीत नाही. तिने तो ऐकला तेव्हा तिला तो नात्यांबद्दलचा शब्द वाटला.

त्या दसऱ्याच्या ढिगात एक डबा असे, कडीचा, मध्यम आकाराचा, ज्याला आजी आम्हाला हात लावू देत नसे. तो ती स्वतः घाशी, स्वतः पुसे आणि फडक्यात गुंडाळून सगळ्यांत शेवटी माळ्यावर देई. त्यात कधी काही भरलेले मी पाहिले नाही. मी एकदा विचारले होते तेव्हा ती म्हणाली होती, ‘तो त्यांचा आहे.’ माझ्या आजीने आयुष्यात आजोबांचे नाव उखाण्याशिवाय घेतले नाही. तिच्या बोलण्यात ‘त्यांचा चष्मा’, ‘त्यांचा सदरा’, ‘त्यांना पथ्य आहे’ यातले ‘ते’ नेहमी एकच असत. त्यामुळे तो डबा आजोबांचा, कदाचित त्यांच्या शाळेच्या दिवसांतला, कदाचित त्यांच्या आईने दिलेला, अशी माझी पक्की समजूत झाली आणि ती पन्नास वर्षे टिकली. आजोबांची वस्तू म्हणजे ओघाने बाबांची, आणि बाबांनंतर आमची. विकण्याचा अधिकार इतक्या सरळ रेषेने माझ्यापर्यंत येऊन पोहोचला होता.

आता आईचा प्रश्न. त्या रात्री जेवताना मी तिला हिशेब दिला. दोन घागरी, तीन तपेली, एक परात, ताकाची चरवी, फुलपात्री, कडीचा डबा. माळ्यावरचे पितळ काढून टाक असे तिनेच सांगितले होते, पण प्रत्यक्ष काढताना ती खोलीत असती तर बघूची खोकी आणखी दोन झाली असती, म्हणून ती दुपारी आडवी झाल्यावर मी गोणी भरली होती. आईने भाताचा घास ताटाच्या कडेला ठेवला. ‘कडीचा डबा कोणता? त्यांचा?’ मी म्हटले, ‘हो, आजोबांचा.’ ती म्हणाली, ‘अगं, आजोबांचा कुठला? तो आपला नव्हताच.’

आईचे लग्न १९६५ सालचे, म्हणजे पूर तिनेही पाहिलेला नाही. तिला जे माहीत आहे ते सासूबाईंकडून ऐकलेले. १२ जुलै १९६१, बुधवार. बांधकाम चालू असलेले पानशेतचे धरण आदल्या रात्रीपासून सैनिक वाळूची पोती रचून धरून ठेवण्याचा प्रयत्न करत होते. ते सकाळी फुटले आणि त्या पाण्याने खालचे खडकवासल्याचे धरणही नेले. नारायण पेठेत नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या वाड्यात आमचे बिऱ्हाड होते. आजीने चुलीवरचा भात तसाच ठेवला, कडेवर माझी आत्या, बरोबर बाबा, आणि सगळे पर्वतीच्या बाजूला पळाले. या पळण्याबद्दल आजी मला अनेकदा सांगत असे. परत आल्यावर काय झाले ते मात्र तिने मला कधी सांगितले नाही, ते आईला सांगितले असावे. काही गोष्टी सुनेलाच सांगता येतात, नातीला नाही.

परत आल्यावर वाडा नव्हता. मागची भिंत आणि विहिरीचा कठडा उभा होता आणि मधे मांडीभर चिखल. आठ बिऱ्हाडांचे सगळे त्या एका चिखलात मिसळून गेलेले. पुरुष फावडी घेऊन उतरले. लाकूड, कापड, कागद, गाद्या यांना काही अर्थ उरला नव्हता. ट्रंका उघडल्या की आतून लुगड्यांचा लगदा निघे. जे वाचले ते धातूचे. खडकवासला गेल्यामुळे नळाला पाणी नव्हते, विहिरी आणि हौद यांच्यावर सारे शहर आले होते, आणि त्या दिवसांत पाणी भरता येईल असे प्रत्येक भांडे सोन्याचे होते. निघालेली भांडी दिंडी दरवाज्याच्या जागी रचली गेली आणि बायका त्यांच्यावरचा चिखल अंगठ्याने पुसून नावे वाचू लागल्या. ही तुमची, ही आमची. नाव घातलेले होते म्हणून ओळखू आले, असे आजी म्हणे. सगळ्या बिऱ्हाडांची भांडी लागल्यावर शेवटी एक डबा उरला. त्यावर नाव होते, पण त्या नावाचे वाड्यात कोणी नव्हते. कुठल्या तरी वरच्या अंगाच्या घरातून तो वाहत आला असावा.

आजीने तो ठेवून घेतला. ठेवून घेतला म्हणजे सांभाळायला घेतला. शाळेतल्या मुक्कामात, मग अर्धगोल छपराच्या निसेन हटमध्ये, मग सहकारनगरच्या या घरात, तो डबा तिच्याबरोबर फिरला. ती ओळखीपाळखीत विचारत राहिली, हळदीकुंकवाला, लग्नकार्यात, बाजारात, की या नावाचे कोणी तुमच्या पाहण्यात आहे का. हळूहळू विचारणे कमी झाले असेल. पण डबा तिने वापरला नाही. स्वतःचे निम्मे अधिक गेलेले असताना, साखर कशात ठेवावी याची पंचाईत असताना, एक रिकामा, धड, घासलेला डबा पंचवीस वर्षे फडक्यात गुंडाळलेला राहिला.

त्यांचा म्हणजे त्यांचाच.

मराठीत आपण ‘संसार’ हा शब्द किती मोकळेपणाने दोन्ही अर्थांनी वापरतो याचे मला त्या रात्री नवल वाटले. दोन माणसांचे एकत्र जगणे म्हणजे संसार, आणि टेम्पोत भरलेली भांडीकुंडी म्हणजेही संसार. पूर येतो तेव्हा ‘संसार वाहून गेला’ असे आपण म्हणतो तेव्हा माणसे वाचलेली असतात. अडगळ कमी करण्याच्या सगळ्या उपदेशांत वस्तू आणि मालक यांचे नाते एकास एक धरलेले असते. ही माझी; मला हवी का; नको तर जाऊ द्या. पण भांड्यांवर नावे घालण्याची आमच्याकडची रीत मुळात वस्तू घरी राहाव्यात म्हणून नव्हती, त्या बाहेर जात म्हणून होती. वाड्यात पुरणयंत्र एक असे. मोठे मोदकपात्र एक, जिलबीची परात एक, चकलीचा सोऱ्या फार तर दोन, आणि सणाच्या आठवड्यात ते या दारातून त्या दारात फिरत. कार्य असले की सगळ्या बिऱ्हाडांची पातेली एका मांडवात जात आणि दुसऱ्या दिवशी नावे वाचून परत येत. आठ घरांत मिळून जेवढे सामान होते तेवढे आज माझ्या एकटीच्या इमारतीतल्या एका मजल्यावर आहे, आणि त्यातल्या प्रत्येक घरात वर्षातून एकदा चालणारा सोऱ्या आहे. कमी वस्तूंत राहण्याची ती एक जुनी पद्धत होती, फक्त तिला शेजार लागे, आणि शेजाराबरोबर येणारी भांडणेही. आईला विचारले तर ती म्हणेल, सोऱ्याची चकती हरवून परत देणाऱ्या बाईचे नाव तिला अजून आठवते.

आपण तुकोबांची ती गोष्ट सांगताना त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली एवढेच सांगतो. परंपरेतला तपशील त्याहून नेमका आहे: खतांच्या वाटण्या झाल्या, धाकट्या कान्होबाच्या वाट्याची त्याला दिली आणि बुवांनी बुडवली ती आपल्या वाट्याची. लहानपणी मला हा तपशील रुक्ष वाटे, वैराग्यात कसली आली वाटणी. आता वाटते, सगळ्या गोष्टीत तोच महत्त्वाचा आहे. मी मोठ्या रुबाबात जे सोडून दिले होते, त्यात माझे नसलेलेही होते.

आईला राग आला नाही, हे मला जास्त लागले. तिने थोडा वेळ ताटाकडे पाहिले आणि विचारले, ‘वजन किती भरलं?’ मी म्हटले, पावणेदोन किलो, घट धरून दीड. ती म्हणाली, ‘सासूबाई म्हणायच्या, दोन शेर पोहे मावतील त्यात.’ मग तिने कडेचा घास उचलला. दोन शेर हा अंदाज असणार. मोजून पाहायला तो कधी भरावा लागला असता.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा बोहरी आळीत गेले. दुकानदाराने मला ओळखले. डबा परत हवा आहे म्हटल्यावर त्याला फारसे आश्चर्य वाटले नाही. त्याच्याकडे असे लोक येतात. नाव मोठ्याने वाचायची सवयही त्यातूनच लागली, तो म्हणाला. पूर्वी एक बाई आईचे नाव असलेले तपेले विकून गेली आणि संध्याकाळी रडत आली, तेव्हापासून तो देणाऱ्याला नाव ऐकवून क्षणभर थांबतो, कोणी हात पुढे केला तर भांडे परत देतो. ‘तुम्ही घ्या म्हणालात,’ तो म्हणाला, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता. काल गाडी भट्टीकडे गेली होती, पण सगळा ढीग गेला नव्हता. ‘बघा सापडतोय का. नाव काय होतं?’

मी त्याच्याकडे पाहत राहिले. ‘तुम्ही वाचलं होतं ना,’ मी म्हटले. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘मी दिवसाला चाळीस-पन्नास नावं वाचतो.’

त्याने मला एक स्टूल दिले. ढिगातले पितळ हलवताना हात काळे होतात आणि बोटांना तो ओळखीचा, जुन्या नाण्यांचा वास लागतो. कडीचे डबे पाच-सहा होते, त्यातला आमचा, म्हणजे त्यांचा, नव्हता. कडीच्या वळणावरून मला ते लगेच कळले. तरी मी अर्धा तास तिथे बसले आणि नावे वाचत राहिले. ‘चि. सौ. कां.’ने सुरू होणारी नावे, लग्नाच्या तारखांसह, सगळ्या तारखा वैशाखाच्या आसपासच्या. एका तांब्यावर मुंजीची भेट. एका समईच्या बैठकीवर ‘कै.’ आणि पुढे ‘स्मरणार्थ’, म्हणजे कोणाच्या तरी आठवणीसाठी देवळाला किंवा घराला दिलेली समई आता आठवणीसकट वजनावर गेलेली. एका परातीवर आधीचे नाव ठोकून बुजवलेले आणि त्याच्या शेजारी दुसरे घातलेले. या परातीची काहीतरी गोष्ट असणार, बहुधा वाटणीची. टिंबांचे अक्षर असले की मी ते बोटाने वाचत होते. दुकानदार गिऱ्हाईक करत होता, मधूनमधून त्याचा आवाज येत होता, एक नाव, मग थोडी शांतता, मग ढिगावर पडणाऱ्या भांड्याचा खणखणाट. ती शांतता किती सेकंदांची असते ते मी मोजले. तीन, फार तर चार.

माझ्या वेळीही तो तेवढाच थांबला असणार.

घरी जाताना मी त्याच्या वहीतली नोंद पाहून घेतली होती. ‘पितळ मोड, ११ नग’, वजन, भाव, घट, रक्कम. घट म्हणजे मातीचे भांडे आणि घट म्हणजे वजावट, एवढे दोन अर्थ त्या चिमुकल्या शब्दात मावतात. डब्यावरचे नाव मात्र त्या वहीच्या कुठल्याच रकान्यात बसणारे नव्हते. टिंबे उठवताना धातू नुसता बाजूला सरकतो, त्याने वजन घटत नाही.

दसऱ्याच्या आधी आम्ही आईला भाड्याच्या घरात हलवले. बघूची खोकी शेवटी नऊ झाली. त्यातली सहा माझ्या कोथरूडच्या घरी आहेत आणि माझ्या रिकाम्या ओट्याचे कौतुक आता कोणी करत नाही. तांब्याचा बंब भाचीने छत्र्या ठेवायला नेला. देवघराचे गाठोडे आईने स्वतःच्या मांडीवर ठेवून आणले आणि ते सोडायला तिने दुसऱ्या कोणाला दिले नाही. मी समोर बसून एकेक वस्तू घेत होते, ताम्हन, पळी, निरांजन, शंखाची अडणी, आणि त्यानंतर फुलवातींनी भरलेली पितळेची एक उथळ गोल वाटी, जिची कड आतल्या बाजूला वळलेली होती. वाटीची कड अशी वळत नाही. मी वाती बाजूला करून ती पालथी केली. मधोमध टिंबांनी घातलेली अक्षरे होती: ‘सौ.’ आणि त्यापुढे तीन आद्याक्षरे, वातींच्या तुपाने काळसर झालेली.

‘हे त्याचं झाकण,’ आई म्हणाली. ‘त्या गेल्यानंतर मीच काढलं होतं माळ्यावरून. वाती ठेवायला बरं पडायचं.’ ती थोडी ओशाळली. ‘डबा नव्हता काढला मी. झाकण नुसतं.’ तीन आद्याक्षरांवरून पुण्यात कोणाला शोधणार, असे काहीतरी मी म्हणणार होते, पण आईने तोवर वाती स्टीलच्या एका डबीत काढल्या होत्या. तिने पदराच्या टोकाने झाकण आतून बाहेरून पुसले, देवघराच्या गाठोड्यातलेच एक फडके त्याभोवती गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. ‘वर ठेव,’ ती म्हणाली.

या घराला माळा नाही. मी स्टूल घेतले, स्वयंपाकघरातल्या कपाटावर चढून पाहिले, आणि कपाट व छत यांच्यामध्ये जी चार बोटांची फट होती तिच्यात ते आडवे सरकवू लागले.